सोनपाठी सुतार : ओळख आणि छायाचित्रण

सोनपाठी सुतार (शास्त्रीय नाव : डायनोपियम बेंगालेन्स) हा सुतार पक्ष्यांच्या पिसिडी कुलातील, सुमारे २६ ते २९ सेंमी. लांबीचा पक्षी असून पाकिस्तानापासून आसामपर्यंत आणि दक्षिणेकडे श्रीलंकेपर्यंत तो आढळतो. विरळ जंगले, आमराया, नारळीच्या बागा आणि शहरांतील जुनी रस्त्याकडेची झाडे अशा सर्व ठिकाणी तो वावरतो. त्याची खिंकाळल्यासारखी ओरड आणि लाटेसारखे वरखाली होणारे उड्डाण सर्वपरिचित आहे. भारतात सोनेरी पाठीचे सुतार एकाहून अधिक जातींचे असल्यामुळे केवळ पाठीच्या रंगावरून केलेली ओळख ग्राह्य धरता येत नाही, आणि छायाचित्रावरून जात ठरवताना होणाऱ्या बहुतेक चुका याच कारणाने होतात.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये या पक्ष्याला पायकस बेंगालेन्सिस हे नाव दिले. त्यामागे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेले, बंगालमधील पक्ष्याचे एलिझर अल्बिन या चित्रकाराने केलेले चित्र व वर्णन होते. म्हणजे या जातीची शास्त्रीय ओळख मुळात चित्रावरच उभी आहे. डायनोपियम ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) निसर्गशास्त्रज्ञ राफिनेस्क याने १८१४ मध्ये स्थापली. ‘प्रबळ’ आणि ‘रूप’ अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते नाव बनले आहे. एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांत हाच पक्षी ब्रॅकिप्टर्नस या प्रजातीत घातलेला दिसतो. ‘आखूड टाचेचा’ अशा अर्थाच्या या नावाचा रोख पायाच्या खुरटलेल्या पहिल्या बोटाकडे असावा. या जातीला चार बोटे असली, तरी पहिले बोट नावापुरतेच उरलेले असते. तिच्या जवळच्या डायनोपियम जॅव्हानेन्स या जातीला तीनच बोटे असतात.

उपजातींबाबत मतैक्य नाही. उत्तर भारतातील बेंगालेन्स, वायव्येकडील फिकट डायल्यूटम, द्वीपकल्पातील पंक्टिकोले, नैऋत्य भारतातील टेहमिनी आणि उत्तर श्रीलंकेतील जाफनेन्स अशी विभागणी सर्वसाधारणपणे केली जाते. यांपैकी टेहमिनी ही उपजात व्हिसलर आणि किनिअर या पक्षितज्ज्ञांनी १९३४ मध्ये वर्णिली व सलीम अली यांच्या पत्नी तेहमिना यांचे नाव तिला दिले. तिची पाठ अधिक हिरवट आणि पंखांवरचे ठिपके अस्पष्ट असतात. दक्षिण श्रीलंकेतील किरमिजी पाठीचा पक्षी पूर्वी याच जातीत धरला जाई. दोन्ही रूपांचे जेथे मीलन होते, त्या पट्ट्यात पिवळ्यापासून तांबड्यापर्यंत मधल्या छटांचे पक्षी सापडतात, ही गोष्ट एकाच जातीच्या बाजूने सांगितली जात असे. मात्र संकराचे क्षेत्र मर्यादित राहते आणि रूप व जनुके या दोहोंत भेद दिसतो, हे २०१६ मधील अभ्यासाने पुढे आणल्यामुळे त्या किरमिजी पक्ष्याला डायनोपियम सॅरोडेस ही स्वतंत्र जात मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

ओळखीसाठी गळा, कंबर (शेपटीच्या मुळाशी असलेला पाठीचा भाग), मानगूट, गालावरचा मिशीसारखा पट्टा आणि बुबुळ या पाच जागा तपासाव्या लागतात. सोनपाठी सुताराचा गळा काळा असतो व त्यावर बारीक पांढरे ठिपके विखुरलेले असतात. कंबर काळी, मानगूट काळी आणि डोळा गडद असतो. गालावर मिशीचा पट्टा नसतो. नराचा सगळा माथा व तुरा लाल असतो. मादीचे कपाळ व माथ्याचा पुढचा भाग काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा असून मागचा तुरा तेवढा लाल असतो. मोठ्या सोनपाठी सुताराची (क्रायसोकोलॅप्टेस प्रजाती) कंबर लाल, मानगूट पांढरे आणि बुबुळ फिकट असते. त्याच्या गालावर दुभंगलेली, मधे पांढरी जागा सोडणारी मिशी असते, आणि मादीच्या तुऱ्यात लाल रंग मुळीच नसतो. सह्याद्रीतील या पक्ष्याला काही अभ्यासक क्रायसोकोलॅप्टेस सोशियालिस ही वेगळी जात समजतात. डायनोपियम जॅव्हानेन्स हा पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील पक्षी. त्याचे मानगूट सोनपाठीप्रमाणेच काळे असले, तरी कंबर लाल असते आणि गालावर एकेरी मिशी असते.

येथपर्यंत काळी कंबर हेच निर्णायक लक्षण वाटेल, आणि पक्ष्याच्या इंग्रजी नावातही (ब्लॅक-रम्प्ड फ्लेमबॅक, म्हणजे काळ्या कंबरेचा) तिलाच मान दिलेला आहे. परंतु पांढऱ्या मानेच्या सुताराची (क्रायसोकोलॅप्टेस फेस्टिव्हस) कंबरही काळीच असते. त्याच्या पाठीचा वरचा भाग पांढरा असून दोन्ही खांद्यांवरचे काळे पट्टे मागे एकत्र येतात, आणि मादीचा माथा पिवळा असतो. म्हणून काळ्या गळ्याला अग्रक्रम देणे योग्य, कारण भारतातील सोनेरी पाठीच्या इतर कोणत्याही सुताराचा गळा असा नसतो. मिशीच्या अभावावरही एकट्यावर विसंबू नये : उत्तर सह्याद्रीतील दोन नरांच्या नमुन्यांत गालावरच्या पिसांची टोके लाल होऊन मिशीचा आभास निर्माण झाल्याची नोंद आहे.

छायाचित्रकाराची अडचण अशी, की पक्षी खोडाला बिलगून, शेपटीच्या ताठ पिसांचा टेकू घेऊन चढत असताना गळा झाडाकडे आणि कंबर मिटलेल्या पंखांखाली राहते, तर समोर दिसते ती नेमकी सोनेरी पाठ. माणसाची चाहूल लागताच तो खोडाच्या पलीकडे सरकतो. अशा वेळी मागे धावण्यापेक्षा स्थिर उभे राहून तो वरच्या फांदीशी कडेला येण्याची वाट पाहावी, कारण तो सहसा वरवर चढत जातो आणि डोके मागे घेऊन टोच मारताना बाजूने गळा व गाल स्पष्ट दिसतात. कंबरेसाठी उड्डाणाचा क्षण साधावा लागतो. त्यासाठी लांब पल्ल्याचे भिंग, सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून जलद शटर आणि सलग चौकटी यांचा उपयोग होतो. उन्हात पिवळी पिसे सहज जळून तपशील पुसला जातो, म्हणून प्रकाशमान (एक्स्पोजर) किंचित कमी ठेवावे. संध्याकाळच्या तांबूस उजेडात सोनेरी पाठ नारिंगी दिसते आणि सावलीत फिकट बुबुळही काळे भासते. तेव्हा रंगछटेपेक्षा काळ्या-पांढऱ्या खुणांची मांडणी अधिक विश्वसनीय समजावी. पक्षी ओळखण्यासाठी देखण्या एका चित्रापेक्षा वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेली तीन-चार साधी चित्रे अधिक मोलाची असतात, आणि त्यांत एक तरी गळ्याचे असावे.

विणीचा हंगाम साधारणपणे फेब्रुवारी ते जुलै असा सांगितला जातो. झाडात स्वतः कोरलेल्या ढोलीत मादी बहुधा तीन पांढरी, चकचकीत अंडी घालते. अंडी सुमारे ११ दिवसांत उबतात आणि पिल्ले साधारण २० दिवसांनी ढोली सोडतात. या काळात नर-मादी ठरलेल्या वाटेने ये-जा करतात, त्यामुळे ढोलीपाशी चित्रे सहज मिळतात. तरीही जवळ ठाण मांडल्यास पालक आत शिरायला कचरतात आणि पिल्लांची भरवणी खोळंबते, म्हणून ढोलीसमोरील चित्रण टाळावे. ध्वनिमुद्रित ओरड वाजवून पक्ष्याला बोलावणेही वर्ज्य मानावे.