वैरातून प्रेम : किशोरकथेतील वर्गभेदी रूप

शाळकरी वा महाविद्यालयीन वयाची दोन पात्रे, एक गर्भश्रीमंत आणि दुसरे बेताच्या परिस्थितीतले. आधी हाडवैर, पुढे प्रेम, असा हा कथाप्रकार.

उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मधील (सु. १५९८-९९) बीट्रिस-बेनेडिक यांच्या शाब्दिक चकमकींत पाहतात, पण ती दोघे एकाच उच्चकुलीन वर्तुळातली. जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा (१८१३) दाखला अधिक दिला जातो. तेथे डार्सीचे वार्षिक उत्पन्न १०,००० पौंड, एलिझाबेथच्या वडिलांचे सु. २,०००, तरीही दोघे जमीनदारवर्गातलेच. एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘नॉर्थ अँड साउथ’मध्ये (१८५४-५५) मात्र गिरणीमालक आणि माजी धर्मोपदेशकाची मुलगी यांच्यातील वाद संपावरून पेटतो. वैराचे कारणच आर्थिक असल्याने आजच्या रूपाला हे उदाहरण जास्त जवळचे ठरते.

शाळेची चौकट रूढ करण्यात योको कामिओ यांच्या ‘हाना योरी दांगो’ (१९९२ पासून) या जपानी चित्रकथामालिकेचा वाटा मोठा. धनिक मुलांच्या टोळक्याने कपाटात लाल चिठ्ठी लावली की सारी शाळा त्या विद्यार्थ्याच्या मागे लागते. सामान्य घरातली नायिका या टोळक्याला पुरून उरते. या चित्रकथामालिकेवरून तैवान (२००१), जपान (२००५) आणि दक्षिण कोरियात (२००९) दूरचित्रवाणी मालिका निघाल्या.

वैराचे कारण वर्गभेदातूनच यावे लागते: हुकलेली शिष्यवृत्ती, घरच्या नोकरीवरून मारलेला टोमणा, चोरीचा आळ. निव्वळ गैरसमज असेल तर एका संभाषणात तो मिटतो आणि कथा मध्यावरच बसते. मग टाळता न येणारा सहवास हवा. सामायिक प्रकल्प, नाटकाची तालीम, शिकवणी. मन वळण्याआधी अपराध्याला त्याच्या वागण्याची झळ बसली पाहिजे, नुसती दिलगिरी पुरत नाही. छळालाच प्रेमाची खूण मानणे हा या प्रकारातला सर्वांत मोठा दोष, आणि तो लोकप्रिय कथांतही सर्रास आढळतो. गरीब पात्राला सद्गुणांचा पुतळा केले की चकमकीतली धार जाते. श्रीमंताने फी भरून अडचण सोडवली, तर बरोबरीचे नाते उपकाराचे होते.

प्रौढांच्या कथेपेक्षा येथे एक पेच वेगळा: संपत्ती नायकाची नसून आईवडिलांची असते, त्यामुळे तिच्यावर पाणी सोडणेही त्याच्या हाती नसते. वयामुळे लग्नाने शेवट करणेही अवघड. म्हणून पुष्कळ कथा परगावच्या शिक्षणावर थांबतात आणि पैशाचा प्रश्न तसाच राहतो.