मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजीचं शिक्षण (सांगली-मिरज)

एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय या मशीन चालवून पेशंटचे फोटो काढायचं शिक्षण म्हणजे मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजी. सांगली-मिरजेकडं याला सरळ "एक्स-रेचा कोर्स" म्हणतात. डीएमएलटी वेगळं, ते रक्त-लघवी तपासायचं, पण पै-पाहुण्यांना दोन्ही एकच वाटतं. अजून एक घोळ म्हणजे रिपोर्ट. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट लिहितो, तो डॉक्टर असतो, टेक्नॉलॉजिस्टनं फोटो नीट काढून द्यायचा, "काय निघालं हो?" असं पेशंटनं कितीही विचारलं तरी निदान सांगायचं नाही.

बारावी सायन्सनंतर डिप्लोमा करता येतो किंवा ३ वर्षांची बीएस्सी, वर बऱ्याच ठिकाणी १ वर्ष इंटर्नशिप. अॅनाटॉमी, फिजिओलॉजी, रेडिएशन फिजिक्स हे विषय असतात आणि पोरं अडकतात ती फिजिक्समध्येच. या क्षेत्रासाठी २०२१ मध्ये केंद्राचा वेगळा कायदा पण झालाय, त्यामुळं मान्यता बघितल्याशिवाय फी भरू नये. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॉलेजला चालू हॉस्पिटल जोडलेलं आहे का ते बघायचं. मिरज हे तर दवाखान्यांचंच गाव, डॉ. वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ चं, सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं, पेशंटला इथं तोटा नाही.

खरं काम म्हणजे पोझिशनिंग. छातीचा साधा फोटो घ्या, पेशंटची छाती प्लेटला (जिच्यावर फोटो उमटतो) चिकटवायची, पाठ ट्यूबकडं (जिथनं एक्स-रे निघतात), ट्यूब आणि प्लेटमध्ये अंतर ६ फूट, कारण ट्यूब जवळ आली किंवा छाती प्लेटपासून लांब राहिली की हृदयाची सावली उगाच मोठी दिसते. खांदे पुढं ढकलायचे, नाहीतर खांद्याची पाती फुफ्फुसावर येतात. मग "श्वास घ्या... धरून ठेवा" आणि त्याच क्षणी बटण. श्वास अर्धाच घेतला तर चांगलं फुफ्फुस पण बिघडल्यासारखं दिसतं. मिरजेत निम्मे पेशंट सीमेपलीकडनं आल्यासारखे वाटतात, त्यामुळं "उसिरु हिडीरी" (श्वास धरा) एवढं कानडी पुस्तकात नसलं तरी यायलाच पाहिजे. डावी-उजवी दाखवणारा मार्कर विसरला तर फोटो कितीही झकास आला तरी भरवसा ठेवता येत नाही.

रेडिएशनची भीती घरच्यांना जास्त असते, त्यातनं मुलगी असेल तर लग्नापर्यंत विषय जातो. नियम कडक आहेत. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजायचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. अंगावर टीएलडी बॅज लावायचा, म्हणजे आपल्याला किती रेडिएशन लागलं ते नोंदवणारा बिल्ला, तो ठराविक मुदतीनं तपासणीला जातो. अंतर दुप्पट केलं की डोस चौपट कमी होतो, म्हणून शिसाचा अॅप्रन पाहिजेच, पण दोन पावलं मागं सरकणं फुकट आहे. बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून काम करणारे पण असतात, त्यांचा रिपोर्ट कायम छान येतो.

सोनोग्राफी या शिक्षणात शिकवली तरी टेक्नॉलॉजिस्टनं स्वतः करायची नसते, १९९४ च्या गर्भलिंग निदान कायद्यानं ते काम पात्र डॉक्टरचं.

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात पण चुंबक चोवीस तास चालू असतं, पेशंट नसला तरी. म्हणून शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी मशीनच्या आधी दार दाखवतात, आणि वॉर्डबॉय कितीही घाईत असला तरी ऑक्सिजनचं लोखंडी सिलिंडर त्या दाराच्या बाहेरच थांबवायचं, नाहीतर चुंबक ते खेचून घेतं, हे आधी शिकवतात.