दीड इंचाचं दार

अमेरिकेच्या पूर्व भागात, मग ते न्यू जर्सी असो की नॉर्थ कॅरोलायना, परसात घरट्यासाठी लाकडी पेटी लावली की ब्लूबर्ड हा छोटा निळा पक्षी येणारच अशी अनेकांची समजूत असते. पुष्कळदा राहायला येते ती चिमणी. पेटी लावून विसरून जाणार असाल, तर न लावलेली बरी.

ब्लूबर्ड ढोलीत घरटं करतो, पण ढोली कोरायला लागते तशी चोच त्याला नाही. सुतारपक्ष्यांनी सोडलेल्या ढोल्या त्याच्या कामी येतात. त्याच ढोल्यांवर युरोपातून आणलेल्या पाहुण्यांचाही डोळा असतो. चिमण्या १८५१च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये आणल्या गेल्या, तर आपल्या साळुंकीच्या कुळातले स्टार्लिंग १८९०मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सोडले गेले.

म्हणून पेटीचं भोक नेमकं दीड इंच व्यासाचं हवं. त्यातून स्टार्लिंग शिरू शकत नाही. बाहेर बसायला दांडी लावू नका. ब्लूबर्डला ती लागत नाही, चिमण्यांची मात्र सोय होते. तळ आतून चार ते पाच इंच चौरस, भोकापासून तळापर्यंत साधारण सहा इंच खोली, आणि पाऊण इंच जाडीची, कोणतंही रसायन न लावलेली सीडरच्या लाकडाची फळी. वर हवेसाठी फटी, तळाच्या कोपऱ्यांत पाणी निथळायला भोकं, आणि भोकाखालची फळी आतून खरबरीत, म्हणजे पिल्लांना वर चढता येतं. एक बाजू उघडता आलीच पाहिजे.

पेटी झाडावर किंवा कुंपणावर नको. तिथे रॅकून, साप आणि मांजर आरामात पोचतात. गुळगुळीत लोखंडी खांबावर पाचेक फुटांवर पेटी बसवा आणि तिच्याखाली आठ इंच व्यासाचा, दोन फूट लांबीचा, वरून बंद केलेला पत्र्याचा पाइप सैलसर अडकवा. समोर आखूड गवताची मोकळी जागा हवी. झुडपांजवळ लावलेल्या पेटीत रेन हा छोटा पक्षी घुसतो आणि अंडी फोडतो.

चिमणीशी गाठ मात्र अवघड असते, कारण दीड इंचाचं भोक तिला पुरतं. नर चिमणा पेटीला चिकटून राहतो आणि आतल्या ब्लूबर्डच्या मादीला किंवा पिल्लांना डोक्यावर चोची मारून ठारही करतो. २० मार्चला चिमणी दिन पाळणाऱ्या आपल्या मंडळींना हे ऐकवत नाही, पण तिथे ती उपरी आहे. १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं संरक्षण ब्लूबर्डला आहे, चिमणीला नाही. त्यामुळे तिचं घरटं काढता येतं. मात्र ते तिचंच आहे याची आधी खात्री करा. ब्लूबर्डचं घरटं बारीक गवताची नीट वाटी असते, अंडी फिकट निळी. चिमणीचं घरटं गवत, पिसं, कागदाचे कपटे कोंबलेलं, अंडी मळकट पांढरी आणि ठिपकेदार. ब्लूबर्डने पहिलं अंडं घातलं की छपरावर चमकत्या पट्ट्या हलत्या राहतील अशा लावतात. चिमण्या त्यांना बिचकतात, अंडं घातलेली मादी सहसा बिचकत नाही. त्याआधी लावल्या तर तीच निघून जाऊ शकते.

मादी रोज एक अशी चार-पाच अंडी घालते आणि १२ ते १४ दिवस उबवते. आठवड्यातून एकदा, कोरड्या उबदार दिवशी, पेटीवर टकटक करून आत पाहा. घरटं भिजलं असेल किंवा तळाशी पिल्लांचं रक्त पिणाऱ्या माशीच्या अळ्या असतील, तर पिल्लं बाजूला ठेवून कोरड्या गवताची नवी वाटी करून द्या. हात लावल्याने आई पिल्लं टाकत नाही. पिल्लांचं वय १३ दिवस झालं की मात्र पेटी उघडू नका. घाबरून पिल्लं उडता येण्याआधीच बाहेर उडी मारतात. एरवी ती १७ ते १९ दिवसांनी बाहेर पडतात.

खायला मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) द्यायचे ते पूरक म्हणूनच, थंड-पावसाळी दिवसांत जास्त. एका पक्ष्यामागे एका वेळी दहा-पंधरा पुरेत. त्यांत कॅल्शियम कमी असतं, म्हणून वर कॅल्शियम कार्बोनेटची पूड भुरभुरवा. हिरवळीवर कीटकनाशक मारत असाल, तर हे सगळं व्यर्थ आहे, कारण पिल्लं वाढतात ती नाकतोडे, अळ्या आणि कोळ्यांवर.

मादी मेली तर नर पिल्लांना भरवतो, पण ऊब देऊ शकत नाही. पहिल्या आठवड्यातली पिल्लं अशा वेळी थंडीने दगावतात. त्यांच्यासाठी परवानाधारक वन्यजीव पुनर्वसन केंद्राला लगेच फोन करावा. पिल्लं उडून गेली की जुनं घरटं काढून पेटी झाडून ठेवा. हंगामात दोन, क्वचित तीन विणी होतात, आणि तीच जोडी पुष्कळदा त्याच पेटीत परतते.