साडेपाच तासांनी चुकणारं घड्याळ

रात्रीचे नऊ वाजलेत. लिनक्सच्या उबुंटू या आवृत्तीतलं काम आटोपून संगणक रीस्टार्ट केला, विंडोज उघडलं, तर कोपऱ्यातलं घड्याळ दुपारचे साडेतीन दाखवतंय. वेळ नीट करून पुन्हा उबुंटूत जावं, तर तिथे पहाटेचे अडीच आणि तारीख उद्याची. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना हा प्रकार कधी ना कधी भेटतोच. मग संशय जातो मदरबोर्डवरच्या सेलवर. दुकानदार सेल बदलून देतो, पैसे जातात आणि घड्याळ पहिल्यासारखंच चुकत राहतं.

खरी खूण त्या फरकातच आहे. नऊ आणि साडेतीन यांत साडेपाच तास, नऊ आणि अडीच यांतही साडेपाचच. भारतीय प्रमाणवेळ ही यूटीसीच्या, म्हणजे जगभरच्या अणुघड्याळांवरून ठरणाऱ्या सामाईक वेळेच्या, बरोबर साडेपाच तास पुढे आहे. संपत आलेला सेल इतकं मोजून मापून चुकवत नाही. इथे कुणीतरी साडेपाच तास मिळवतंय किंवा मिळवायचे विसरतंय.

संगणक बंद असतानाही वेळ मोजणारी एक चिप मदरबोर्डवर असते. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत ती नव्हती. मशीन चालू केलं की डॉस ही तेव्हाची कार्यप्रणाली दरवेळी तारीख आणि वेळ विचारायचं. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची १४६८१८ ही चिप आली आणि ती कटकट संपली. या घड्याळाचा ठोका देतो क्वार्ट्झचा एक इवलासा स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ कंपनांनी. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. कंपनांची संख्या पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला नेमका एक ठोका उरतो.

त्या मूळ चिपची स्मृती होती सगळी मिळून ६४ बाइट. सेकंद, मिनिट, तास, वार, तारीख, महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे, शिवाय गजरासाठी तीन खाने. वेळेच्या नोंदींसाठी बस, एवढंच. हे नऊ मुंबईचे की लंडनचे, हे लिहायला त्यात जागाच ठेवलेली नव्हती. आजच्या संगणकांत ही चिप वेगळी दिसत नाही, मोठ्या चिपच्या पोटात गेली आहे. पण तिचा आराखडा बराचसा तोच राहिला. पुढे संगणक सुरू करून देणाऱ्या बायोस या जुन्या प्रोग्रामच्या जागी यूईएफआय आलं, तेव्हा त्याच्या नियमांत टाइमझोनसाठी एक रकाना ठेवला गेला. त्यात यूटीसीपासूनचा फरक मिनिटांत लिहायचा, आणि माहीत नसेल तर २०४७ हा आकडा लिहायचा, ज्याचा अर्थ ‘सांगितलेलं नाही’. त्या रकान्यावर आजही भिस्त ठेवता येत नाही.

मुंबईकरांच्या आजोबा-पणजोबांना ही अडचण चांगली ठाऊक होती. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. दहा वाजता भेटू म्हटलं, की कुठले दहा हेही सांगावं लागायचं. चिपमध्ये नेमकं तेवढंच सांगायचं राहून गेलंय, आणि विंडोज व लिनक्स दोघं आपापल्या समजुतीनं तो आकडा वाचतात.

लिनक्स हे युनिक्स या जुन्या कार्यप्रणालीच्या घराण्यातलं. तिथे वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून मोजलेले सेकंद. चिपमध्येही यूटीसीच आहे असं ते धरून चालतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोजनं वारसा घेतला डॉसचा. वापरणाऱ्यानं मनगटावरच्या घड्याळात पाहून टाकलेली वेळ डॉस जशीच्या तशी ठेवायचं. गंमत म्हणजे आजचं विंडोजसुद्धा आतमध्ये यूटीसीच मोजतं, फक्त १ जानेवारी १६०१ पासून. चिपशी बोलताना मात्र ते स्थानिक वेळेत बोलतं. मायक्रोसॉफ्टचे जुनेजाणते अभियंते रेमंड चेन यांनी २००४ मध्ये याची कारणं सांगितली होती: जुन्या विंडोजशी जुळवून घेणं आणि बायोसच्या पडद्यावरून वेळ लावायला जाणाऱ्या लोकांचा गोंधळ टाळणं. त्या काळात ही कारणं रास्त होती. आज मला ती पुरेशी वाटत नाहीत.

आता सुरुवातीच्या त्या रीस्टार्टकडे पाहू. उबुंटू इंटरनेटवरच्या वेळ-सर्व्हरला विचारून स्वतःचं घड्याळ लावतं. ते एकदा जुळलं, की लिनक्सचा गाभा दर ११ मिनिटांनी तीच वेळ चिपमध्ये लिहीत राहतो, अर्थात यूटीसीत. रात्रीच्या नऊला तिथे १५:३० लिहिलेलं असतं. विंडोज ते वाचतं आणि साडेतीन दाखवतं. तुम्ही दुरुस्त केलंत की चिपमध्ये २१:०० जातात. लिनक्स त्यांना यूटीसी समजून साडेपाच तास मिळवतं, झाले पहाटेचे अडीच. नेट चालू असेल तर लिनक्स काही क्षणांत सावरतं, विंडोजची वेळ-जुळणी मात्र इतकी तत्पर नसते. म्हणून चूक विंडोजमध्येच जास्त दिसते आणि बोल त्यालाच लागतो.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न असता तर सोडून दिला असता. पण संगणकावरच ओटीपी तयार करणारी अ‍ॅप्स तीस-तीस सेकंदांच्या खिडकीत कोड काढतात, साडेपाच तासांच्या फरकानं निघालेला कोड कुठेच चालत नाही. फायलींवर भविष्यातली वेळ पडली, की बॅकअप घेणारे प्रोग्राम नवं कोणतं आणि जुनं कोणतं यात फसतात. हिशोबाच्या नोंदी रात्रीच्या असूनही उद्याच्या तारखेला पडतात.

उपाय करण्याआधी फरक मोजून घ्या, शेजारी मोबाइल ठेवून. नेमका अर्धा तास पुढेमागे असेल तर टाइमझोन ढाक्याचा किंवा कराचीचा निवडला गेलाय. पंधरा मिनिटं पुढे असेल तर काठमांडूचा. साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे असेल तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा, जो नव्या विंडोजमध्ये बरेचदा आपोआप बसलेला असतो. तारीखच काही वर्षं मागे गेली असेल आणि वेबसाइट्स प्रमाणपत्राची तक्रार करत उघडत नसतील, तर दोष खरंच सेलचा. सीआर २०३२ नावाचा, २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा तीन व्होल्टचा तो सेल बदलावा. स्फटिक स्वतः चुकतो तो दिवसाला एखाद-दोन सेकंदांनी. साधारण २५ अंशांना तो सर्वात नीट चालतो. नागपूरच्या मे महिन्यात बंद खोली ४५ अंशांना पोचली, तरी त्या उष्म्यापायी दिवसाला जेमतेम सव्वा सेकंद मागे पडेल. तासांचा फरक त्याच्या नावावर टाकता येत नाही.

फरक साडेपाच तासांचाच असेल तर दोघांना एकाच समजुतीवर आणायचं. माझं मत स्पष्ट आहे: चिपमध्ये यूटीसी ठेवा आणि विंडोजला तसं सांगा. आधी लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘टाइमडेटसीटीएल’ (timedatectl) ही कमांड चालवा. स्थानिक वेळ, यूटीसी आणि चिपमधली वेळ एकाखाली एक दिसतात. चिप स्थानिक वेळेत आहे का, या शेवटच्या ओळीपुढे ‘नो’ असायला हवं. मग विंडोजमध्ये अ‍ॅडमिन खात्यातून रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा, बदलायचा रजिस्ट्री एडिटर उघडा आणि रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवा. एचकी लोकल मशीनखाली सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन असं क्रमानं आत जा. तिथे ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ (RealTimeIsUniversal) नावाची डीवर्ड (DWORD) प्रकारची नोंद करून तिची किंमत १ ठेवा. नाव इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता. मग नेट जोडून एकदा लिनक्स चालू करा, म्हणजे चिपमध्ये खरी यूटीसी लिहिली जाईल.

ऑफिसच्या लॅपटॉपवर रजिस्ट्रीला हात लावता येत नसेल, तर लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावता येतं. त्याच टाइमडेटसीटीएलला ‘सेट-लोकल-आरटीसी १’ (set-local-rtc 1) असं सांगायचं. लिनक्स तेव्हा स्वतःच इशारा देतं की ही पद्धत पूर्णपणे विश्वासाची नाही. भारतात घड्याळं वर्षभर हलत नाहीत, म्हणून इथे निभावून जातं. लंडनला राहणाऱ्या मराठी माणसाचं तसं नाही. हिवाळ्यात तिथली वेळ आणि यूटीसी एकच, त्यामुळे दोष दिसतच नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तासाचा फरक अचानक उगवतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो, आणि चिपमधले दीड त्यातल्या कोणत्या फेरीचे, हे कुठल्याच प्रणालीला कळायला मार्ग उरत नाही.

यूटीसी ठेवल्यावर बायोसच्या पडद्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. ते तसंच दिसायला हवं. संगणक दुरुस्तीला दिलात तर हे आधी सांगून ठेवा, कारण कुणी भल्या मनानं तिथे रात्रीचे नऊ टाकले, तर विंडोज आणि लिनक्स दोघंही एकमतानं पहाटेचे अडीच दाखवतील.