एक स्विच, तीन नेटवर्कं

लातूरच्या ट्यूशन एरियातली एखादी तीन मजली इमारत घ्या. तळमजल्यावर फी भरायचं ऑफिस, पहिल्या मजल्यावर ऑनलाइन टेस्टची लॅब, वर अभ्यासिका आणि जिन्यापासून गच्चीपर्यंत कॅमेरे. अभ्यासिकेत वायफायची रेंज येत नाही म्हणून कुणीतरी घरचा जुना राउटर आणून भिंतीवरच्या पॉइंटला जोडतो. तासाभरात ऑफिसातलं नेट बंद. लॅबमधली काही मशिन्स चालू, काही बंद. नेटवाल्याला फोनवर फोन जातात, पण त्याची लाइन ठणठणीत असते.

झालेलं असतं ते असं. कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हा त्याला स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, ठाऊक नसतो आणि तो कुणाकडे मागायचा हेही ठाऊक नसतं. मग तो गावात दवंडी पिटावी तशी सगळ्या नेटवर्कला हाक देतो की पत्ता देणारं कुणी आहे का. या हाकेला ब्रॉडकास्ट म्हणतात. सगळ्या केबल ज्या डब्यात येऊन मिळतात त्या स्विचकडे ती आली, की ज्या पोर्टातून आली तो सोडून बाकीच्या सगळ्या पोर्टांतून तो ती बाहेर पाठवतो. पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा घरच्या राउटरमध्येही चालूच असते, त्यामुळे त्याच्याकडूनही उत्तर येतं. बहुतेक मशिन्स पहिलं आलेलं उत्तर धरतात. ते या पाहुण्या राउटरचं असलं, तर मशीन इंटरनेटसाठी त्याच्याकडेच जातं आणि तिथे पुढची वाट नसते. ज्यांच्या जुन्या पत्त्याची मुदत संपलेली नाही, ती मशिन्स तेवढी चालत राहतात.

राउटर आणणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. अख्खी इमारत एकाच हाकेच्या टप्प्यात ठेवली, ही खरी अडचण. फीचा हिशेब, विद्यार्थ्यांचे मोबाईल आणि कॅमेरे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी प्रत्येकाची हाक प्रत्येकाला ऐकू जाते. जुन्या काळी यावर एकच उपाय होता, प्रत्येक विभागाला वेगळा स्विच आणि वेगळी केबल. व्हीलॅनमुळे, म्हणजे आभासी लोकल नेटवर्कमुळे, हीच विभागणी एका स्विचच्या आत करता येते.

ही कल्पना १९८०च्या दशकातली. अमेरिकेतल्या बेलकोअर या संशोधन संस्थेत डेव्हिड सिंकोस्की मोठमोठी इथरनेट, म्हणजे केबलने जोडलेली, नेटवर्कं कशी उभारता येतील यावर काम करत होते, त्यातून ती पुढे आली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्विचना एकमेकांची भाषा कळावी म्हणून १९९८ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.१क्यू हे मानक काढलं. आज बाजारात मिळणारा कुठलाही मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, स्विच तेच पाळतो.

मानकाचा गाभा फक्त चार बाइटांचा आहे. इथरनेटवरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे डेटाच्या गठ्ठ्याच्या, सुरुवातीला सहा बाइट घेणाऱ्याचा मॅक पत्ता (यंत्राला कारखान्यातच दिलेला क्रमांक) असतो, पुढचे सहा बाइट पाठवणाऱ्याचा. त्याच्या लगेच मागे हे चार बाइट घुसवतात. त्यांना टॅग म्हणतात. कॅमेऱ्यांना ३० क्रमांकाचं व्हीलॅन दिलं असेल, तर सोळाच्या अंकमोजणीत टॅग दिसतो ८१ ०० ०० १ई. पहिले दोन बाइट सांगतात की पुढे व्हीलॅनची माहिती आहे. उरलेल्या सोळा बिटांपैकी तीन प्राधान्यासाठी, एक बिट गर्दीच्या वेळी कुठली फ्रेम आधी टाकून द्यायची हे सांगण्यासाठी आणि बारा बिट क्रमांकासाठी. १ई म्हणजे आपले ३०. बारा बिटांत ४०९६ आकडे बसतात, त्यातले पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून ४०९४ व्हीलॅन करता येतात. साधी फ्रेम जास्तीत जास्त १५१८ बाइटांची, टॅगसकट ती १५२२ होते.

कॉम्प्युटरला किंवा कॅमेऱ्याला यातलं काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही. त्यांना जोडलेला पोर्ट अ‍ॅक्सेस पोर्ट म्हणून लावतात. आत येणारी फ्रेम स्विच त्या पोर्टाच्या क्रमांकात धरतो आणि बाहेर जाताना बिनटॅगची पाठवतो. दोन स्विचना जोडणाऱ्या पोर्टाचं काम वेगळं. तळमजल्यावरून वर जाणाऱ्या एकाच केबलमधून ऑफिस, विद्यार्थी आणि कॅमेरे असा तिघांचा डेटा जायचा असतो, म्हणून तिथे टॅग लागतोच. तो ट्रंक पोर्ट. ट्रंकवर कुठले क्रमांक जाऊ द्यायचे हे दोन्ही टोकांना सांगावं लागतं, आणि नेमकं एका टोकाला सांगायचं राहून जातं. खालचे कॅमेरे दिसतात, वरचे दिसत नाहीत, असं झालं तर आधी हेच तपासावं.

स्वस्तातल्या वेब स्क्रीनवाल्या स्विचमध्ये एक खाचखळगा आहे. पोर्ट ३० क्रमांकात बिनटॅगचा सदस्य करणं ही एक सेटिंग, आणि त्याचा पीव्हीआयडी, म्हणजे आत येणाऱ्या बिनटॅगच्या फ्रेमला मिळणारा क्रमांक, ३० करणं ही दुसरी, बहुधा वेगळ्याच पानावर. पहिली बाहेर जाणाऱ्या डेटासाठी असते, दुसरी आत येणाऱ्यासाठी. पीव्हीआयडी १ वरच राहिला, तर कॅमेऱ्याकडे जाणारा डेटा ३० मधून जातो आणि कॅमेऱ्याकडून येणारा १ मध्ये पडतो. केबल नवी, दिवा हिरवा, तरी चित्र नाही.

एक गैरसमज मात्र सगळीकडे आहे, की व्हीलॅन केलं की नेट फास्ट होतं. तसं होत नाही. एका कॅमेऱ्याचा डेटा सेकंदाला ४ मेगाबिट धरला, तर २४ कॅमेऱ्यांचा ९६ मेगाबिट होतो. दोन स्विचमधली लाइन १०० मेगाबिटची असेल, तर व्हीलॅन कितीही करा, ती भरणारच. तिथे गिगाबिट पोर्टच हवा. व्हीलॅनने हाका आपापल्या विभागात राहतात. पाहुण्या राउटरने गोंधळ घातला तरी तो अभ्यासिकेपुरताच. तोही थांबवायचा असेल तर बऱ्याच मॅनेज्ड स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे पत्ते कोण वाटतंय यावर नजर ठेवणारी सोय असते, ती चालू करून फक्त मुख्य राउटरकडचा पोर्ट भरवशाचा ठरवावा.

आणि सुरक्षितता. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जायला राउटर किंवा राउटरचंही काम करणारा लेयर ३ स्विच लागतो, म्हणजे जाण्यायेण्याची वाट ठरलेली असते आणि तिथे नियम लावता येतात. ऑफिसातून कॅमेरे दिसावेत, पण विद्यार्थ्यांच्या वायफायवरून ना कॅमेरे दिसावेत ना फीचा कॉम्प्युटर. हे नियम लिहिलेच नाहीत आणि सगळं सगळ्यांना खुलं ठेवलं, तर क्रमांक वेगळे असूनही कुणीही कुठेही पोचतं. पतसंस्था आणि दवाखान्यांनी तरी हे मनावर घ्यावं असं मला कळकळीने वाटतं, कारण तिथे लोकांचे पैसे आणि आजारांची माहिती असते. त्यांच्या रॅकमध्ये बऱ्याचदा मॅनेज्ड स्विच असतोच, फक्त बॉक्समधून काढला तसा, सगळे पोर्ट १ क्रमांकात ठेवून चालवलेला.

सुरुवात करायची तर कॅमेऱ्यांपासून करावी. त्यांची संख्या ठरलेली असते, ते जागा बदलत नाहीत, आणि त्यांचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं कुणी अपडेट करत नाही. काम करताना कन्सोल केबल, म्हणजे नेटवर्कशिवाय स्विचशी थेट बोलणारी केबल, जोडून बसावं. नुसत्या नेटवर्कवरून काम केलं आणि आपण बसलोय त्याच पोर्टाचा क्रमांक बदलला, तर स्विच हातातून सुटतो. बऱ्याच स्विचमध्ये केलेला बदल लगेच लागू होतो, पण कायमचा साठवायला सेव्हची आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती द्यायची राहिली आणि लाईट गेली, की दुपारभराची मेहनत पुसली जाते. उन्हाळ्यात आपल्याकडे लाईटचा भरवसा धरून चालत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्याला सेव्ह करावं, कॉन्फिगरेशनची एक प्रत कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावी, आणि कुठल्या पोर्टाला काय जोडलंय, त्याचा क्रमांक काय, हे मराठीत लिहून कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवावा. पुढच्या वेळी दुरुस्तीला येणारा माणूस दुसराच असू शकतो.