खाजन शेती (गोवा)

खाडीकाठची, भरतीच्या पातळीहून सखल जमीन बांध घालून राखायची, पावसाळ्यात तिच्यात भात लावायचे, भात निघाल्यावर त्याच शेतात मासळी वाढू द्यायची आणि लगतच्या आगरांत मीठ पिकवायचे, ही गोव्यातील जुनी पद्धत म्हणजे खाजन शेती. गोव्यातील शेतकरी जमिनीची मोरड (उंचावरची), खेर (मधल्या पातळीची) आणि खाजन (खाडीकाठची सखल) अशी वाटणी करतात. तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी आणि साळ या नद्यांच्या काठांवर मिळून खाजनाचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर सांगितले जाते. ते सगळेच आज लागवडीखाली आहे असे मात्र नाही. पद्धत किती जुनी, यावर वाद आहेत. पण बांदोडे येथे मिळालेल्या अनिर्जितवर्मा या प्राचीन राजाच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख आहे, म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी शतके आधी ही शेती होती.

खाजनाचा जीव मानशीत असतो. मानस म्हणजे बांधात बसवलेले झडपांचे दार. भरती चढली की नदीचे पाणी झडपा दाबून धरते आणि दार आपोआप बंद होते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा रेटा त्या उघडतो. बांध चिखल, पेंढा आणि चिरे घालून रचतात, आणि बाहेरच्या अंगाला वाढलेली खारफुटी लाटांचा मारा झेलते. मानशीतून आत घेतलेले पाणी ‘पोंय’ नावाच्या खोलगट पाटांत साचते. ओहोटीच्या वेळी दाराला जाळे लावून कोणी उभा असेल, तर पाण्याबरोबर सुंगटे, शेवटे, काळुंदर आणि एखादा चोणक जाळ्यात येताना दिसतो. ही मासळी धरण्याच्या हक्काची पावणी म्हणजे लिलाव होतो, आणि आजची निम्मी भांडणे इथूनच सुरू होतात.

पहिल्या पावसाने माती धुऊन क्षार उतरले की लागवड होते. खाजनाची जात कोरगूट: उंच रोप, लांब कुसळे, तांबूस दाणा, खारेपणा आणि काही दिवसांचे बुडणे दोन्ही सोसते. आसगो ही त्याच घराण्यातली. उत्पन्न बेताचेच, पण कोरगुटाच्या उकड्या तांदळाची पेज प्यायलेला माणूस त्याबद्दल कुरकुर करत नाही. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ ही वाणे काढली.

जागतिक शेतीतील विविधतेच्या चर्चेत खाजनाचे नाव येते ते यामुळेच. अन्नासाठी लागवड झालेल्या सुमारे ६,००० वनस्पतींपैकी केवळ ९ पिकांकडून जगाच्या पीकउत्पादनाचा सुमारे ६६ टक्के वाटा येतो, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०१९ चा अहवाल सांगतो. केरळमधील कुट्टनाडच्या समुद्रसपाटीखालच्या शेतीला त्याच संघटनेने २०१३ मध्ये जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. खाजनात पिकांची यादी मोठी नाही. एकाच पाण्यावर तीन व्यवसाय नांदतात, ही त्याची श्रीमंती.

बांधाची निगा गांवकरीकडे, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या सामुदायिक संस्थेकडे, असे. पोर्तुगीज काळात तिला कोमुनिदाद म्हणू लागले. ही व्यवस्था म्हणजे समानतेचे गोकुळ नव्हते, हेही नोंदवायला हवे. वाट्याचा हक्क, ‘जोण’, गांवकरांच्या पुरुष वंशजांना. लावणी-कापणी करणाऱ्या बायकांना आणि मिठागरात राबणाऱ्यांना त्यात जागा नव्हती. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळवून दिला, ही न्यायाची गोष्ट झाली. पण बांधाची सामुदायिक जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली, आणि अनेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. जमीन कसण्यापेक्षा पडीक ठेवलेली बरी वाटू लागलेल्यांना बांध कशाला हवा?

मानस ज्याच्याकडे असते तो मासळीसाठी अवेळी खारे पाणी आत घेतो, अशी शेतकऱ्यांची तक्रार जागोजागी ऐकू येते. एकदा बांध फुटला की दोन-तीन वर्षांत शेतात खारफुटीची रोपे उगवतात. बाहेरची खारफुटी बांधाची राखणदार. आत उगवलेली तीच शेताचा शेवट. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनाला संरक्षण आणि व्यवस्थापन आराखड्याची तरतूद आहे, खारफुटीलाही संरक्षण आहे. त्यामुळे मोडलेल्या बांधामागे वाढलेली झाडे तोडून पुन्हा कोरगूट लावायचे म्हटले, तर शेतकऱ्याला आधी परवानगीची वाट पाहावी लागते, आणि तोवर आणखी एक पावसाळा जातो.