जोर ओसरतो, रोख तसाच राहतो

लहान मुलांविषयी लैंगिक ओढ वाटणं, दुसऱ्यांना चोरून पाहणं, अनोळखी माणसांसमोर अंगप्रदर्शन करणं, अशा ओढींना मानसोपचारात पॅराफिलिया म्हणतात. ओढ चारचौघांपेक्षा वेगळी असली म्हणून ती लगेच विकार ठरत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या डीएसएम-5 या वर्गीकरणानुसार, तिच्यामुळे त्या माणसाला स्वतःला त्रास होत असेल, किंवा दुसऱ्याला इजा झाली असेल वा तिचा धोका असेल, तरच तो पॅराफिलिक विकार.

अशा पुरुषांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन जास्त असणार, हा समज जुना आहे. रक्त तपासून मात्र तसा भरवशाचा फरक सापडलेला नाही. तरीही औषधं याच संप्रेरकावर चालतात, कारण पातळी मुळात सामान्य असली तरी ती खाली आणली की कामेच्छा ओसरते.

मेंदूतलं हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचं संप्रेरक थांबून थांबून सोडतं. त्या ठेक्यावर पियुषिका ग्रंथी जागी होते आणि वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावते. हाच संदेश सलग येत राहिला, तर टेस्टोस्टेरॉन आधी थोडे दिवस उलट वाढतं आणि मग ग्रंथी दादच देईनाशी होते. ट्रिप्टोरेलिन हे औषध नेमकं तेच करतं. 1998 मध्ये इस्रायली डॉक्टरांनी 30 पुरुषांना ते दरमहा टोचल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. परिणाम ठळक होता, पण तुलनेसाठी प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं नकली इंजेक्शन, घेणारा गट नव्हता, आणि अशा विषयात ही उणीव लहान नव्हे.

ती भरून काढली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटने, 2020 मध्ये. मुलांविषयीच्या ओढीमुळे स्वतःहून मदत मागायला आलेल्या 52 पुरुषांपैकी काहींना डेगारेलिक्स दिलं, बाकीच्यांना प्लासिबो. डेगारेलिक्समध्ये सुरुवातीची ती वाढ होत नाही. दोनच आठवड्यांत औषध घेणाऱ्यांकडून मुलांवर अत्याचार होण्याच्या धोक्याचा अंदाज बराच खाली आला. मात्र त्यांच्यापैकी दोघांना आत्महत्येचे विचार वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल करावं लागलं. टेस्टोस्टेरॉन दीर्घकाळ दाबून ठेवलं तर हाडंही ठिसूळ होतात.

मेंदूतल्या रसायनांची बाजू अजून कच्ची आहे. सेरोटोनिन, डोपामाइन यांच्या कामातला बिघाड या विकारांमागे असावा, अशी कल्पना अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मार्टिन काफ्का यांनी 1997 मध्ये मांडली. सेरोटोनिनवर काम करणारी नैराश्याची औषधं त्यामुळे इथेही वापरली जातात, पण पुरावा तोकडाच. डोपामाइनची साक्ष मला जास्त बोलकी वाटते: पार्किन्सनसाठी डोपामाइनसारखं काम करणारी औषधं घेणाऱ्या काही रुग्णांत अनावर कामेच्छा, क्वचित पॅराफिलियाही, नव्याने उद्भवतात आणि औषध कमी केलं की बहुधा मावळतात.

अमेरिकेतल्या एका चाळिशीतल्या माणसाची 2003 मध्ये प्रसिद्ध झालेली नोंदही अशीच. डोळ्यांच्या खोबणीवरच्या मेंदूभागात गाठ वाढली आणि त्याला मुलांविषयी आकर्षण वाटू लागलं. गाठ काढली, ते गेलं. काही महिन्यांनी परत आलं, तेव्हा गाठही परत वाढलेली दिसली. पण हा भाग आवर घालणारा. त्यामुळे मुळातच दबलेली ओढ सुटली की नवी जन्मली, हे एका रुग्णावरून ठरत नाही.

इच्छा कुणाकडे वळते, याचं उत्तर या औषधांत नाही. ती फक्त तिचा जोर कमी करतात, मग इच्छा कुठलीही असो. 1952 मध्ये ब्रिटनमध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंगला समलिंगी संबंधांबद्दल दोषी ठरवून तुरुंगाऐवजी कृत्रिम इस्ट्रोजेन देण्यात आलं. त्याला बरं करावं असा कुठलाही विकार नव्हता.